अकराव्या पायरीपर्यंत

१

मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या शौर्याची कुणी वाट बघत बसणार नाही. पंपाची मोटर जरा वेगळ्या सुरात घरघरली तरी मी आधी दाराकडे पळतो आणि मग मोटरीकडे बघतो. माझी बायको तर नव्या माणसाला माझी ओळख करून देतानाच हे सांगते.

त्या दिवशी सकाळी पावणेसातला मी धरणाकडे निघालो होतो. धरण म्हणजे दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा बांध. आतून दगडांचं अस्तर, बाहेरून गवत, आणि मागे काठोकाठ पाणी. खालची दोनशे घरं त्याच्यावर जगतात. रोज सहाला पहारेकरी नाना गेटचं चाक चार फेरे फिरवायचा, पाणी पाटानं माझ्या पंपघराच्या हौदात यायचं आणि मी ते गावाच्या टाकीत चढवायचो. त्या दिवशी हौद कोरडा राहिला. नानाला डुलकी लागली असणार, चार शब्द सुनवून यावं, एवढ्याच तयारीनं मी गेलो होतो.

नानाची खोली धरणाच्या गावाकडच्या पायथ्याशी, पाच दगडी पायऱ्यांवर. नाना शेवटच्या पायरीपाशी पालथा पडला होता. मी हाक मारली, खांदा हलवला, मग मानेला हात लावला आणि लगेच काढून घेतला. अंग गार पडलं होतं. डोक्याखालचा दगड काळा झाला होता. उजव्या मुठीत जाड काचेचा तुकडा होता, अंगठ्याएवढा.

एरवी मी तिथूनच पळ काढला असता, पण नानाच्या पलीकडे मला दुसरंच काही दिसलं. मातीचं कुठलंही धरण थोडं पाझरतं. तो पाझर पायथ्याच्या चरात गोळा होतो आणि लोखंडी पत्र्याच्या खाचेतून पुढे पडतो, म्हणजे किती पाझरलं ते मोजता येतं. नाना म्हणायचा, "पाझर निवळ आहे तोवर धरणाला घाम येतोय म्हणायचं. गढूळ झाला की समज, माती आतून निघाली." वीस वर्षांत मी त्या खाचेतलं पाणी निवळच पाहिलं होतं.

त्या सकाळी ते दूध घातलेल्या चहासारखं होतं.

मी बांध चढलो. कसा ते आठवत नाही. गेट उघडायचं आणि पाणी उतरवायचं, एवढंच डोक्यात होतं. गावातलं सर्वांत खालचं घर माझं, आणि त्या घरात माझी लेक पाच दिवसांचं बाळ कुशीत घेऊन झोपली होती. सिझर झालेलं, टाके ओले, अंगात ताप. दोन दिवस जागची हलवायची नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

गेटच्या ओट्यावर लोखंडी दांडा तेवढा उभा होता. चाक नव्हतं.

२

मी तीन फोन केले. एक हवालदाराला, एक मुख्य कचेरीला आणि एक आमच्या व्याह्यांना.

व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, धरणाचे मुकादम. बत्तीस वर्षं या बांधाचा दगड न् दगड त्यांच्या हाताखालून गेलेला. निवृत्तीला चार महिने राहिलेले. मला पाना धरायलाही त्यांनीच शिकवलं. माणूस करारी, पण त्या आठवड्यात आमचं वाजलं होतं. सुनेला आणि नातवाला दवाखान्यातून थेट टेकडीवरच्या आपल्या घरी न्यायचं, असा त्यांनी हट्ट धरला. मी ऐकलं नाही, तर पुढच्या दोन दिवसांत दोनदा न्यायला आले. दुसऱ्यांदा मोटार घेऊनच. डॉक्टरीणबाई नको म्हणतात सांगितलं, तर माझ्याच ओसरीवर माझ्यावरच ओरडले. मुलाकडचे ना, तोरा असायचाच, असं म्हणून मी राग गिळला होता.

ते आले. नानाला पाहून मटकन खाली बसले. थोड्या वेळानं उठून खाचेपाशी गेले.

"घुशीनं चर उकरला असेल," ते म्हणाले. "निवळेल."

मला तेवढ्यानंही धीर आला. बुडत्याला काडीचा आधार.

साडेनऊला मुख्य कचेरीची जीप आली आणि तिच्यातून धरणं तपासणाऱ्या एक बाई उतरल्या. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, पायात पुरुषी बूट. जिथे जातील तिथल्या धरणाचा गाळ बोटावर घेऊन चोळून बघतात, म्हणून त्यांना सगळे गाळबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे.

"बाई, धरण फुटणार का?" मी नमस्कारही न करता विचारलं.

"फुटलं की नक्की सांगता येईल," त्या म्हणाल्या. "त्याआधी सांगता यावं म्हणून आलेय. बाजूला व्हा."

त्यांनी गाळ चोळला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटलं. मग त्या नानाच्या खोलीत गेल्या. खिडकीत सात बरण्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, रुंद तोंडाच्या, जाड काचेच्या, प्रत्येकीवर एका वाराची चिठ्ठी.

"हे काय?"

"नानाची पद्धत," मी म्हणालो. "रोज सकाळी खाचेतलं पाणी एका बरणीत भरायचं आणि उघडंच ठेवायचं. गाळ असला तर तळाला बसतो. आठव्या दिवशी सगळ्यांत जुनी बरणी ओतून पुन्हा भरायची. म्हणजे मागचे सात दिवस कायम डोळ्यांसमोर."

सातही बरण्यांमधलं पाणी आरशासारखं होतं. तळाला कणभर गाळ नव्हता.

"बघा," मुकादम दारातून म्हणाले. "कालपर्यंत निवळ होतं. आजचंच आहे काहीतरी, वरवरचं."

गाळबाईंनी पिशवीतून फूटपट्टी काढली. एकेका बरणीला लावून पाणी काठापासून किती खाली आहे ते पाहिलं. सातही बरण्यांमध्ये सारखंच, दोन बोटं खाली. त्यांनी ते वहीत टिपलं. मग हवालदाराकडून नानाच्या मुठीतला तुकडा मागून घेतला आणि उजेडात धरला.

"बरणीचा काठ आहे हा," त्या म्हणाल्या. "बाकीचे तुकडे?"

"पायऱ्यांवर एकही नाही," हवालदार म्हणाला. "कुणीतरी वेचून नेलेत."

"एक बरणी फुटली. आणि खिडकीत सात आहेत."

मला काही उमगलं नाही. त्या पुन्हा खाचेपाशी गेल्या. आल्या आल्या त्यांनी पत्र्यावर खडूची रेघ मारून ठेवली होती. पाणी रेघेच्या बोटभर वर गेलं होतं.

"सगळ्यांत खालचं घर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

३

गेटच्या ओट्यावर गाळबाई दांड्याभोवती दोनदा फिरल्या. हे चाक नुसतं फिरवायचं चाक नाही. त्याच्या पोटात आटे असतात. चाक फिरलं की दांडा वर येतो आणि तळाची झडप उघडते. चाकाशिवाय दांडा म्हणजे खांब, पान्यानं कितीही पिळा. दांड्याच्या टोकाला एक मोठा नट असतो, चाक वर निसटू नये म्हणून. चाक गेलं होतं, पण नट जागच्या जागी होता. गाळबाईंनी तो बोटानं फिरवून पाहिला. सहज फिरला. त्यांनी बोट हुंगलं.

"दुसरं चाक किती वेळात मिळेल?"

"जुनं गेट आहे," मुकादम म्हणाले. "मापानं घडवून घ्यावं लागेल. दोन दिवस तरी."

हवालदाराच्या मते प्रकरण सरळ होतं. पाणी उतरू नये असं ज्याला वाटतं त्यानं चाक नेलं, नाना आडवा आला, झटापट झाली. आणि असे दोघं गावात होते. एक मासेवाला, त्याच्याकडे तलावातल्या माशांचा ठेका. दुसरा बागाईतदार, ज्याचा पाइप तलावातून पाणी उचलतो. दोघांनाही बोलावून आणलं.

बाईंनी त्यांना ना कुठे होता विचारलं, ना कधी झोपला विचारलं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तलावाच्या आतल्या उतारावर वरपासून खालपर्यंत दगडी पायऱ्या आहेत, त्यांवर रंगानं आकडे घातलेत. पाणी त्या दिवशी तिसऱ्या पायरीला होतं.

"चाक मिळालं असं समजा," त्या म्हणाल्या. "पाणी कुठल्या पायरीपर्यंत उतरवू?"

मासेवाला उसळून म्हणाला, "तळापर्यंत उतरवा! मासे काढायला झालेत. खोल पाण्यात जाळं पोचत नाही, म्हणून पाणी उतरव म्हणत मी नानाच्या महिनाभर मागे लागलोय. मी कशाला चाक नेऊ? माझ्याच पायावर धोंडा?"

बागाईतदार जरा अडखळला. "सहावीपर्यंत चालेल. सातवीला माझ्या पाइपाचं तोंड आहे. पण बाई, धरणच जाणार असेल तर पाइप काय चाटायचाय? उतरवा तुम्हाला हवं तेवढं."

"तुम्ही, पंपवाले?"

"सगळं!" मी ओरडलोच. "थेंब ठेवू नका!"

"मुकादम?"

व्याह्यांनी पाण्याकडे बघत उत्तर दिलं. "अकराव्या पायरीपर्यंत. त्याखाली नको. खालचं अस्तर भिजलेलं आहे, पाण्याचा आधार गेला तर दगड घसरतील."

मला ते ऐकून बरं वाटलं. निदान एक तरी माणूस डोकं ठिकाणावर ठेवून बोलत होता.

गाळबाईंनी चारही उत्तरं लिहून घेतली. मग वही मिटता मिटता विचारलं, "या बांधावर कधी झाड होतं का हो?"

"होतं की," मी म्हणालो. "आतल्या उतारावर, पायऱ्यांच्या शेजारीच. चार वर्षं पाणी फार खाली गेलं होतं, तेव्हा दगडांतून उगवलेलं. बारा वर्षांपूर्वी काढलं."

"मुळासकट काढलं," मुकादम म्हणाले. "खड्डा माती ठोकून भरला. कागदावर आहे तसं."

बाईंनी मान डोलावली आणि सगळ्यांना जायला सांगितलं.

"तुम्ही थांबा, पंपवाले," त्या म्हणाल्या.

४

हवालदारही थांबला. माझ्या मागे. ते मला आवडलं नाही.

"मोटर उघडता तेव्हा काढलेले नट कुठे ठेवता?" बाईंनी विचारलं.

"ठेवत नाही. ज्याचे त्यालाच परत लावून टाकतो. म्हणजे हरवत नाहीत."

"तसेच कोरडे?"

"कोरडे कसे? आटे पुसून, ग्रीस लावून."

बोलून गेलो आणि मग माझं लक्ष दांड्याकडे गेलं. नटाखाली ताजं पिवळं ग्रीस चमकत होतं. कुणीतरी नट काढला होता, चाक वर फिरवून उतरवलं होतं, आणि मग आटे पुसून, ग्रीस लावून नट पुन्हा बसवला होता.

"चोराला नटाचं काय?" बाई म्हणाल्या. "बागाईतदारानं काढला असता तर तो पाण्यात गेला असता. मासेवाल्यानं कुठेतरी टाकला असता. ज्यानं हा काढला त्याला घाई होती, तो भ्यालेला होता, चोरी करत होता, आणि तरीही त्याच्या हातानं नट परत लावला. हाताचं वळण आहे ते, विचारून येत नाही. असं वळण इथे तिघांच्या हातांना. त्यातला एक मेला."

हवालदाराचा श्वास मानेवर जाणवत होता.

"बाई," मी म्हणालो, "माझी लेक खाली पडलीय. पाच दिवसांचं पोर आहे तिच्याजवळ. मी चाक काढीन?" आणि मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला चारचौघांत येऊ नये तसं आलं.

बाईंनी हवालदाराला मागे सरायची खूण केली. तिसरा कोण, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. आम्ही बांधाच्या कडेला धावलो. चरातलं पाणी फुगलं होतं. खाचेचा पत्रा त्यात बुडून गेला होता, आणि पायथ्याच्या गवतातून आणखी एका जागी बारीक कारंजं उडत होतं. त्याचं पाणी लाल होतं.

बाईंचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

"गाव उठवा," त्या हवालदाराला म्हणाल्या. "सगळं. आत्ता. टेकडीवर शाळा आहे ना, तिथे. भांडीकुंडी नको, माणसं आणि जनावरं फक्त."

"आणि माझी लेक? डॉक्टरीणबाई म्हणाल्यात..."

"डॉक्टरीणबाईंनाही वर पाठवा," त्या म्हणाल्या.

५

तेव्हा अकरा वाजले होते. मी घरापर्यंत पळालो. आयुष्यात पहिल्यांदा मी संकटाच्या दिशेनं पळालो, आणि त्याचं कौतुक नको, घरच तिकडे होतं.

व्याही माझ्या आधीच पोचले होते. त्यांनी बाज बाहेर काढली होती, तिला चारही कोपऱ्यांना दोर बांधले होते. लेकीला आम्ही अलगद उचलून त्यावर ठेवलं. बायकोनं बाळ छातीशी बांधलं. पुढे व्याही आणि शेजारचा गवंडी, मागे मी आणि बागाईतदार, असे आम्ही निघालो. रस्ताभर लोक. म्हाताऱ्या पाठुंगळीला, शेळ्या दोरीला. सगळ्यांचा एक कान बांधाकडे. मध्येच कुणाचा तरी पत्रा वाऱ्यानं वाजला आणि शंभर माणसं एकदम खाली बसली.

चढणीवर लेक कण्हायला लागली की व्याही म्हणायचे, "झालं हं, झालं. पोचलोच." त्यांच्या खांद्याला दोर काचला होता, सदऱ्यावर रक्त आलं होतं, पण त्यांनी खांदा बदलू दिला नाही. मला मागचं भांडण आठवून लाज वाटली.

शाळेच्या वर्गात बाज टेकवली तेव्हा एक वाजत होता. डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले, एक उसवलाय, पण जिवाला धोका नाही म्हणाल्या. बाळ झोपेतच होतं. व्याह्यांनी त्याच्या पायाला बोट लावलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

गाळबाई दारात उभ्या होत्या.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "आता तुमची माणसं वर आहेत. चाक कुठे आहे?"

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"मला काय विचारता?" व्याही म्हणाले. डोळे न उघडता.

बाई आत आल्या आणि लहान मुलांच्या बाकावर बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "नानाच्या बरण्या उघड्या असायच्या. या दिवसांत उघड्या बरणीतलं पाणी आठवड्यात चांगलं बोटभर आटतं. सात दिवसांच्या बरण्या असत्या तर सात वेगवेगळ्या पातळ्या दिसल्या असत्या, जिन्यासारख्या. त्या सारख्या होत्या, म्हणजे सातही एकाच वेळी भरल्या, आणि साध्या पाण्यानं. नाना स्वतःच्या बरण्या बदलणार नाही. त्याच्या हातात खरी बरणी होती, ती वाचवताना तो पडला. मग त्याच मापाच्या नव्या सात कुणाकडे असतील? बरण्या गोदामातून जातात आणि गोदामाची किल्ली तुमच्याकडे."

"गोदाम फोडून कुणीही नेईल."

"नेईल. चाकही नेईल. पण नट परत लावणार नाही. नट लावणारे तुम्ही आणि हे," त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "यांना विचारलं किती उतरवू, तर म्हणाले सगळं. तुम्ही म्हणालात अकरा. दगड घसरतील म्हणालात. मुकादम, पाणी कुठल्या पायरीपर्यंत उतरलं यावर दगड घसरणं नसतं, किती घाईनं उतरलं यावर असतं. रोज हातभर उतरवलं तर तळ दिसला तरी एक दगड हलत नाही. हे बत्तीस वर्षं बांधावर काढलेल्या माणसाला माहीत नाही? तुम्ही मला पायरी सांगितलीत. कारण बाराव्या पायरीला जे आहे ते दिसायला नको होतं."

"खोड काढलंच नाहीत ना?" बाई म्हणाल्या.

मी व्याह्यांकडे पाहत होतो. माझं मन अजून नाही म्हणत होतं. आणि मग एकदम मला ती मोटार आठवली, ओसरीवरचा तो आरडाओरडा आठवला. तान्ह्या पोराला टेकडीवर न्यायची घाई. तोरा नव्हता तो. ते घाबरले होते. माझ्यापेक्षाही जास्त.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

६

व्याह्यांनी डोळे उघडले, पण बोलले ते माझ्याशी.

"खोड फार खोल गेलं होतं. ते उकरायचं तर उताराचं सगळं अस्तर उचकटावं लागलं असतं, आणि वर ढग जमले होते. म्हणून जमिनीसरसं कापलं आणि वर दगड लावले. पुढच्या वर्षी काढू म्हटलं. पुढच्या वर्षी पाणी आलं. मग कधी उतरलंच नाही." ते थांबले. "मुळं कुजली असणार. आठ दिवसांपूर्वी नानानं मला पहिली गढूळ बरणी दाखवली. मी म्हटलं, कचेरीला मी कळवतो."

"कळवलं नाहीत," हवालदार म्हणाला.

"रोज वाटायचं, आज निवळेल. काल संध्याकाळी नाना म्हणाला, उद्या मीच जातो कचेरीत. पाणी उतरवता येऊ नये म्हणून पहाटे चाक काढलं. तो बांधावर फेरीला गेला होता तेव्हा बरण्या बदलल्या. तेवढ्यात परत आला. एक बरणी त्यानं माझ्या हातातून ओढली." ते आपल्या हातांकडे बघत होते. "मी ढकललं नाही. पण सोडलीही नाही."

"चाक," बाई म्हणाल्या.

"गोदामात. मागच्या फळीवर, गोणपाटात गुंडाळून. आट्यांना ग्रीस लावलंय."

हवालदार जीप घेऊन धावला. मी मात्र उभा राहिलो. आयुष्यात कुणावर हात उचलला नाही, त्या दिवशी उचलावासा वाटला.

"नातवाला न्यायला दोनदा आलात," मी म्हणालो. "मी खाली झोपत होतो. माझी बायको झोपत होती. दोनशे घरं झोपत होती."

"सगळ्यांना कुठे नेऊ?" ते म्हणाले. खरंच विचारावं तसं.

चाक दोनच्या सुमारास बसलं. गाळबाईंनी मला फिरवायला लावलं, आणि मी एकदम दहा फेरे घेणार तोच मनगटावर फूटपट्टी मारली. "गाव रिकामं झाल्याशिवाय मी हे गेट उघडलंही नसतं," त्या म्हणाल्या. "भिजलेली माती आहे. हळू." थोडं उघडायचं, थांबायचं, बांध न्याहाळायचा, पुन्हा थोडं उघडायचं, असं आम्ही उजेड मावळेपर्यंत केलं. सहाव्या पायरीला कारंजं बसलं. तीन दिवसांनी बारावी पायरी उघडी पडली तेव्हा तिच्या शेजारी दगड खचून एक भोक झालं होतं. माणूस उभा मावेल एवढं.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी शाळेत परत आलो तेव्हा हवालदार व्याह्यांना घेऊन निघत होता. ते वर्गाच्या दाराशी थांबले.

"एकदा बघू दे नातवाला," ते म्हणाले.

लेकीला तोवर सगळं कळलं होतं. ती भिंतीला उशी लावून बसली होती, बाळ मांडीवर. तिनं त्यांना अडवलं नाही. पदर बाजूला करून बाळाचं तोंड दाखवलं. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.

"सगळ्यांना कुठे नेऊ म्हणालात ना, मामंजी," ती हळूच म्हणाली, बाळ उठू नये म्हणून. "अख्खं गाव वर यायला दोन तास लागले. मोजलेत मी, बाजेवर पडल्या पडल्या. तुमच्याकडे आठ दिवस होते."

हवालदारानं व्याह्यांच्या दंडाला हात लावला आणि ते चालायला लागले.